नवेरचे तळघर आणि आमचे परसदार

आलँ रेने यांचा ‘हिरोशिमा मॉन आमूर’ मी प्रथम पाहिला तो १९८१ च्या पावसाळ्यात, पुण्यात, एका चित्रपट-मंडळाच्या खेळाला. सभागृह अनपेक्षितपणे भरलेले होते. फ्रेंच चित्रपट, त्यातही नावात प्रेम, एवढ्या भांडवलावर येणारा एक प्रेक्षकवर्ग त्या काळी सर्वत्र असे. आणि पहिल्या दोन मिनिटांत त्याचे समाधान झालेही असावे. पडद्यावर दोन उघडे देह एकमेकांना बिलगलेले. चेहरे नाहीत, फक्त पाठ, खांदे, दंड आणि बोटे. आधी त्यांच्यावर राखेसारखे काही साचलेले, मग तीच कातडी घामाने चकाकणारी. पण लगेच रुग्णालयाचे लांब बोळ सुरू झाले, संग्रहालयातले वाकलेले लोखंड आले, भाजलेली मुले आली, आणि मागच्या रांगांतून खुर्च्यांचे आवाज होऊ लागले. मी बसून राहिलो. मी एम. ए. च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि वहीत काही लिहून घेण्याच्या उद्देशानेच गेलो होतो.

ती वही अजून माझ्याजवळ आहे. तीत ‘स्मृती विरुद्ध विस्मृती’, ‘काळाची मोडतोड’, ‘रतिक्रीडा आणि मृत्यू यांची एकाच चौकटीतील सहस्थिती’, ‘मूलभूत एकाकीपण’ अशी टिपणे आहेत. ‘मूलभूत’ या शब्दाखाली दोन रेघा आहेत. पुढे साठोत्तरी मराठी कादंबरीतील एकाकीपणावर मी जे लेखन केले, त्यात या दोन रेघांचा वाटा मोठा होता. माणूस एकटा असतो तो माणूस असल्यामुळेच. समागम ही त्या एकटेपणावरची क्षणिक मात आणि मृत्यू हा त्याचा अंतिम पुरावा. कामू-सार्त्र यांच्याकडून हे सूत्र आम्ही घेतले होते आणि ‘कोसला’पासून जे हाती येईल त्याला ते लावून पाहत होतो. सूत्र खोटे होते असे मी म्हणणार नाही. ते लावताना मी कुठे पाहत नव्हतो, एवढेच मला येथे सांगायचे आहे.

चित्रपटाची हकिकत थोडक्यात सांगणे भाग आहे. शांततेविषयीच्या एका चित्रपटात काम करण्यासाठी एक फ्रेंच अभिनेत्री हिरोशिमाला येते. तेथे एका जपानी वास्तुशिल्पज्ञाशी तिची भेट होते. दोघेही विवाहित आहेत, दोघांचेही संसार सुखाचे आहेत. एमान्युएल रिव्हा आणि एजी ओकादा यांनी या भूमिका केल्या आहेत. पात्रांना नावे नाहीत. तिचे विमान दुसऱ्या दिवशी आहे. सकाळी तो अंथरुणात पालथा झोपलेला असताना त्याचा हात किंचित हलतो, आणि क्षणभर, केवळ क्षणभर, पडद्यावर दुसराच एक हात दिसतो: मरणाऱ्या माणसाचा. मग हळूहळू उलगडते की, युद्धकाळात नवेर या लहान फ्रेंच गावात तिचे एका जर्मन सैनिकावर प्रेम होते. गाव मुक्त होण्याच्या सुमारास त्याला कोणीतरी गोळी घातली. ती त्याच्या अंगावर पडून राहिली, त्याचा देह थंड होईपर्यंत. नंतर गावाने तिचे केस कापले. वडिलांचे औषधांचे दुकान बेअब्रूमुळे बंद झाले. आईवडिलांनी तिला तळघरात ठेवले. ती ओरडत असे, भिंतीवर हात घासून रक्त काढीत असे. एका रात्री, केस बरे दिसण्याइतके वाढल्यावर, ती सायकलने पॅरिसला निघून गेली. तेथे पोचली तेव्हा वृत्तपत्रांतून हिरोशिमाचे नाव आले होते.

अणुबॉम्बवर माहितीपट करण्याचे काम प्रथम रेने यांच्याकडे आले होते. छळछावण्यांवरील ‘रात्र आणि धुके’ हा माहितीपट त्यांनी १९५५ मध्ये केला होता. त्याचीच पुनरावृत्ती होईल या जाणिवेने त्यांनी मार्गरित द्युरास यांच्याकडून ही संहिता लिहून घेतली. लक्षावधींच्या मृत्यूशेजारी एका सैनिकाचा मृत्यू आणून ठेवण्याचे हे धाडस द्युरास यांचे. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि मीही वर्गात त्यावर पुष्कळ बोललो आहे.

दुसऱ्यांदा हा चित्रपट मी पाहिला तो कोल्हापुरात, घरी, २०२२ च्या मे महिन्यात. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात एकच विषय होता. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने, नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले होते. माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, मुक्कामाला आली होती. अक्काची सारी नोकरी शाळेत गेली. चित्रपटाचे तिला विशेष नाही. ती वाटाणे सोलत बसली होती आणि मधूनमधून ‘हे किती वेळ चालायचं रे?’ असे विचारत होती. रुग्णालये आणि संग्रहालये तिने शांतपणे पाहिली. चहागृहातले लांबलचक संभाषण तिला कंटाळवाणे वाटले. मग नवेरमधली ती मुलगी आली, तिच्या डोक्यावर कात्री चालली, आणि अक्काचे हात थांबले.

“हिचंही तेच केलं की,” ती म्हणाली. थोड्या वेळाने, पडद्यावर तळघर आले तेव्हा, “आत्याला निदान परस तरी होतं.”

आमची आत्या, वडिलांची थोरली बहीण, १९३६ मध्ये विधवा झाली. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. लग्न होऊन आठ महिने झाले होते, त्यातले चार माहेरी गेले होते. तिचे केशवपन करून तिला आमच्याकडे आणून सोडले, आणि पुढची अठ्ठेचाळीस वर्षे ती शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात राहिली. लाल आलवण, उघडे मनगट, पहाटेचे स्नान, एक वेळचे जेवण. माझ्या आठवणीतली आत्या म्हणजे हे एवढे आणि तिच्या हातची थालीपिठे. महिन्यातून एकदा, कधी त्याहून लवकर, परसदारी न्हावी येई. तो पुढच्या दाराने येत नसे. विहिरीजवळ पाट मांडला जाई, तांब्या ठेवला जाई, तो धोकटी उघडी आणि आम्हां मुलांना आत हाकलले जाई. काम झाल्यावर आत्या स्नान करी, कारण स्पर्श झालेला असे. जागेवर सडा पडे. या सगळ्याला कोणी काही नाव देत नसे. ‘आज परसात जाऊ नका’ एवढेच सांगितले जाई. आमच्या घरात पुस्तके होती, वडील पुरोगामी वृत्तपत्रे घेत, आगरकरांचे नाव आदराने उच्चारले जाई.

तिच्या डोक्याला लागणारा परपुरुषाचा तो एकमेव हात आणि तोच समाजसंमत, हे मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी, एका फ्रेंच चित्रपटासमोर, वाटाण्याच्या टरफलांच्या ढिगाशेजारी बसून प्रथम सुचले. १९८१ साली आत्या हयात होती. पुण्याहून मी सुट्टीत घरी येई तेव्हा तीच मला वाढत असे. माझ्या टिपणवहीत तिचा कोठेही उल्लेख नाही.

अक्काचे ते वाक्य ऐकल्यानंतर मी चित्रपट पुन्हा पाहिला, आणि या वेळी फक्त केसांकडे पाहिले. ते तीन ठिकाणी येतात. पहिल्यांदा, सुरुवातीच्या भागात, हिरोशिमाच्या संग्रहालयात: स्फोटानंतर सकाळी उठताना बायकांना उशाशी गळून पडलेले आढळलेले केसांचे पुंजके, काचेमागे ठेवलेले. दुसऱ्यांदा नवेरमध्ये, गावकऱ्यांच्या कात्रीखाली. आणि तिसऱ्यांदा, जे ठिकाण मी पूर्वी पाहूनही पाहिले नव्हते, ते तळघरातले. तेथे केस हळूहळू वाढत राहतात. त्या मुलीला दिवस मोजता येत नाहीत, ऋतू कळत नाहीत. तिच्याजवळ काळाचे एकच माप उरलेले असते, आणि ते तिच्याच डोक्यावर वाढत असते. केस वाढतात तसतसा ओरडा कमी होतो. ज्या रात्री ते पुरेसे वाढतात, त्या रात्री तिला बाहेर जाता येते. अर्थात हेच तिचे पुढचे दुःखही आहे: ज्याच्यासाठी आपण मेलो नाही, त्याला आपण विसरतही आहोत, हे तिला सहन होत नाही. या चित्रपटाला ‘विस्मृतीची शोकात्मिका’ म्हणतात ते यामुळेच.

पण विसरण्याचे दुःख व्हायला विसरण्याची मोकळीक असावी लागते. आमच्या परसात केसांना बोटभरही वाढू दिले जात नव्हते. नवेरने एकदा कात्री चालवली आणि पुढे काळावर सोपवले. आमच्याकडे दरमहा वस्तरा येई आणि वैधव्याचा पहिला दिवस नव्याने सुरू होई. अठ्ठेचाळीस वर्षे आत्याच्या डोक्यावर तो एकच दिवस राहिला. शिक्षा आणि व्रत यांतला फरक मला येथे दिसतो. शिक्षा संपू शकते.

साम्याचा मोह आवरायला हवा, हे मला कळते. तौलनिक अभ्यासाच्या नावाखाली आपण पुष्कळदा दोन जखमा शेजारी ठेवून त्यांची लांबी मोजतो. १९४४ च्या आसपास फ्रान्समध्ये ज्यांचे केस कापले गेले अशा स्त्रियांची संख्या इतिहासकार सुमारे २०,००० मानतात. त्या कात्रीमागे एका पराभूत राष्ट्राची लाज होती, शत्रूशी संग केल्याचा आरोप होता, आणि ते चौकात, गर्दीसमोर घडत होते. आमच्याकडे शत्रू नव्हता, गर्दी नव्हती. उलट सर्वांनी पाठ फिरवायची असा संकेत होता. त्या मुलीने प्रेम केले म्हणून तिला शासन झाले. आत्याचा अपराध नवऱ्यामागे जगण्याचा. तरीही एक गोष्ट दोन्हींकडे सारखी आहे आणि ती किरकोळ नाही. स्त्रीच्या देहाने कोणाला हवे म्हणावे आणि कोणासाठी किती काळ झुरावे, हे ठरवणारे लोक दोन्हीकडे तिच्या डोक्यालाच हात घालतात. जिथे कामना दिसते असे त्यांना वाटते, तिथे.

मग त्या स्त्रीचे एकाकीपण ‘मूलभूत’ कसे? ते तयार केलेले आहे. त्याला कारागीर आहेत, हत्यारे आहेत, वेळापत्रक आहे. मृत्यू येतो तो निसर्गाच्या किंवा युद्धाच्या हातून. पण मृत्यूनंतर मागे उरलेल्या देहाचे काय करायचे हे घरातली माणसे बसून ठरवतात. कामवासना, मृत्यू आणि एकटेपण हे त्रिकूट आपण तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात वाचतो तेव्हा त्यातली ही माणसे गळालेली असतात. द्युरास यांनी ती गळू दिली नाहीत. औषधांचे दुकान, आईवडील, तळघराच्या जाळीतून दिसणारे लोकांचे पाय, हे सारे त्यांनी ठेवले आहे. मीच ते वगळून वाचले होते.

कोल्हापूरच्या संदर्भात हे आणखी बोचते. शाहू महाराजांनी विधवा-पुनर्विवाहाला कायद्याचे पाठबळ दिले ते १९१७ मध्ये. म्हणजे आत्याला आमच्या दारात आणून सोडले तेव्हा तो कायदा एकोणीस वर्षांचा, तिच्याहून तीन वर्षांनी मोठा होता. त्याहीपूर्वी, १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचे केस न कापण्याचा निर्धार केला होता. कायदा होता, चळवळ होती. दोन्ही आमच्या पुढच्या दारापर्यंत आली आणि परसदार तसेच राहिले. आणि गंमत अशी की, याच शहराला त्या वर्षांत पडद्यावरचा देह अपरिचित नव्हता. १९३८ मध्ये कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने ‘ब्रह्मचारी’ काढला. अत्र्यांची कथा, मास्टर विनायकांचे दिग्दर्शन, आणि पोहण्याच्या पोशाखातल्या मीनाक्षी शिरोडकर. महाराष्ट्रभर त्यावर वाद झाला आणि महाराष्ट्रभर लोकांनी तो पाहिला. आमच्या आजोबांनीही तो पाहिला होता आणि ते त्याविषयी मिश्किलपणे बोलत. त्या वेळी आत्या अठरा वर्षांची होती. ती अर्थातच गेली नव्हती.

हंस पिक्चर्ससाठी ज्यांनी ‘छाया’ लिहिला, ते वि. स. खांडेकर कोल्हापूरचेच झाले होते, आणि त्यांची ‘ययाति’ प्रसिद्ध झाली तीही १९५९ मध्येच, ‘हिरोशिमा’च्या वर्षी. हा योगायोग मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. विद्यार्थ्यांना तो आवडतो. दोन्हीकडे मृत्यूची सावली पडलेली आहे आणि त्या सावलीतून माणसे एकमेकांच्या देहाकडे धावतात. नहुष मृत्युशय्येवर असताना ययाती मुकुलिकेच्या मिठीत आसरा शोधतो. तो प्रसंग मराठी कादंबरीतल्या लैंगिकतेच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. खांडेकरांनी ययातीकडे आधुनिक माणसाचा प्रतिनिधी म्हणून पाहिले आणि आम्हीही इमानाने तसेच शिकवले: भोगाची तहान, तिच्या तळाशी मृत्यूचे भय, भयाच्या तळाशी एकाकीपण. परंतु ययातीचे एकाकीपण बोलू शकते. त्याला शेकडो पाने मिळतात. देवयानी आणि शर्मिष्ठा यांनाही खांडेकरांनी प्रथमपुरुषी निवेदनाचा अधिकार दिला; १९५९ च्या मराठी कादंबरीत ही लहान गोष्ट नव्हती. मुकुलिकेला तो नाही. राजमातेच्या क्रौर्याला बळी पडणाऱ्या अलकेलाही नाही. एका माणसाच्या अस्तित्वविषयक अस्वस्थतेची किंमत ज्यांच्या देहांनी दिली, त्या दोघी दासींच्या मागे आपण जात नाही. मी तीस वर्षे ही कादंबरी शिकवली. परीक्षेत मुकुलिकेवर एकदाही प्रश्न काढला नाही.

ज्या कादंबरीने ते दार उघडले होते, ती याहून सत्तर वर्षे जुनी होती. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ आम्ही ‘वास्तववादाचा आरंभ’ या शीर्षकाखाली शिकलो आणि शिकवली. यमूचे केस कापले जातात तो प्रसंग वाचताना आपण लेखकाच्या सहानुभूतीचे कौतुक करतो आणि पुढच्या प्रकरणाकडे, म्हणजे अभ्यासक्रमातल्या पुढच्या लेखकाकडे वळतो. नवकथा आली, नवकादंबरी आली, एकाकीपणाला परात्मता हे भारदस्त नाव मिळाले, आणि त्या नावात यमूला जागा उरली नाही. तिचे दुःख ‘सामाजिक’ ठरले. पांडुरंग सांगवीकराचे मात्र ‘अस्तित्वविषयक’. ही वर्गवारी कोणी कट करून केली असे नाही. ती आमच्या हातून, माझ्याही हातून, सहज झाली.

हे सारे मी अक्काला सांगू लागलो तेव्हा ती फारशी प्रभावित झाली नाही. “तुझं सगळं खरं असेल,” ती म्हणाली, “पण त्या पोरीला आठवायला कोणी होतं. आत्याला कोण होतं?” मग तिने जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते. लहानपणी ती आत्याजवळ माजघरात झोपत असे. एकदा तिने विचारले होते, नवरा कसा दिसायचा? आत्या म्हणाली, तोंड नीट आठवत नाही ग. वहाणा काढायचा आवाज आठवतो. आणि रात्री, सगळे निजल्यावर, आत्या डोक्यावरून हात फिरवत राही. न्हावी येऊन पंधरा-वीस दिवस झालेले असले की खरखर असा बारीक आवाज येई. अक्काला त्या आवाजाने झोप लागे. सकाळी उठल्यावर आत्या तिची वेणी घाली; इतकी घट्ट, की कपाळाची कातडी ताणली जाई. शाळेतल्या मुली विचारत, तुझी वेणी कोण घालतं?

आजी गेल्यानंतर, १९६८ मध्ये, वडिलांनी न्हाव्याला यापुढे येऊ नको असे सांगितले होते, हेही मला अक्काकडूनच कळले. आत्याने त्याला निरोप पाठवून पुन्हा बोलावले. त्या वेळी घरात सर्वांनी याला ‘संस्कार’ म्हटले. मी ऐकले असते तर मीही तेच म्हटले असते, किंवा पुढे कधी ‘आत्मसात केलेले दमन’ वगैरे. अक्काने दोन्हींपैकी काही म्हटले नाही. ती म्हणाली, “बत्तीस वर्षांनी केस वाढवून ती कुठं जाणार होती? सायकल होती का तिच्याकडे?”

आत्या १९८४ च्या थंडीत गेली. त्याआधी दोन-अडीच महिने ती अंथरुणावर होती, आणि त्या काळात न्हावी आला नव्हता. तिला न्हाऊ घालताना आलवणाचा पदर बाजूला झाला तेव्हा दोन बोटे वाढलेले, पांढरे, मऊ केस दिसले. नात्यातल्या एका वृद्ध बाईंनी विचारले, न्हाव्याला बोलवायचं का? वडील दारात उभे होते; ते नको म्हणाले. मी अंगणात बांबू बांधणाऱ्यांना दोरी देत होतो. आतमध्ये अक्काने आपल्या पिशवीतून कंगवा काढला होता. केस विंचरण्याइतके नव्हते, ती म्हणाली, पण मी फिरवला.